वाळवंटातली फरशी

बोलण्यात मिस्त्रीणबाईंचा हात कुणी धरणार नाही; पण गेले कित्येक महिने त्यांच्या घरात बोलणारं माणूस तेवढंच उरलं होतं. मिस्त्रींनी उभा जन्म लोकांच्या घरात फरशी बसवली. मग झटका आला, उजवा हात लुळा पडला आणि त्यांनी बोलणंच टाकलं. "हाताला काम द्या, हात परत येईल," असं सांगून डॉक्टर थकले. त्यांनी दाबायला दिलेला रबरी चेंडू मिस्त्रींनी शेजारच्या कुत्र्याला देऊन टाकला. कुत्र्याचं भलं झालं, दुसरं काय!

आणि आता तर हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन स्वारी लेकीकडे निघाली होती. थापी, हातोडा, दोरी, सगळं जावयाच्या हवाली करायचं. तोही याच धंद्यातला. बाईंना धास्ती एकच होती. पिशवी गेली की संपलं, मग हे खुर्चीत बसतील ते बसतीलच.

वाटेत वाळवंट. गाडी बाईंच्या धाकट्या भावाची, आणि तिचा राग कायम नाकावर. जरा पळाली की तापायची. "ताई, अर्धा तास विसरा," म्हणत त्यानं बॉनेट उघडलं.

बाईंना रिकामं बसणं जन्मात जमलं नाही. रस्त्याकडेला चपटे दगड पडले होते, काळे आणि पिवळट. पदर डोक्यावर घेऊन त्यांनी ते वेचले आणि वाळूत एकाला एक लावत नक्षी मांडायला घेतली. मिस्त्री गाडीच्या सावलीतून बघत होते. तिसऱ्या ओळीला त्यांना राहवेना.

"अगं, ओळ कुठं चाललीय ती?"

"जाईना का! इथं कुठली भिंत आडवी येतेय?"

"म्हणून काय सापासारखी सोडायची?"

बाई चमकल्याच. इतकं तर ते दिवसभरातसुद्धा बोलत नव्हते! पाहुण्यांकडे गेले तरी आधी पायाखालच्या फरशीचे सांधे बघणारा हा माणूस. वाकडी ओळ त्यांना डोळ्यातल्या कुसळासारखी खुपायची. पुढे गाडी पुन्हा तापली, तेव्हा बाईंनी मुद्दामच असे काही दगड लावले, की भावालासुद्धा हसू आवरेना.

"सरक," मिस्त्री म्हणाले. डाव्या हातानं त्यांनी पिशवीतली दोरी काढली आणि तिथंच घुटमळले. "खोलीचा मध्य काढून सुरुवात करायची असते. इथं मध्य कुठला?"

"तुम्ही बसाल तो मध्य."

मिस्त्री हसले आणि चक्क मांडी घालून बसले.

दोरी ताणायला दोन हात लागतात. बाईंनी दुसरं टोक धरायला हात पुढे केला आणि मागे घेतला. "माझी कंबर नाही वाकत बाई," म्हणून उभ्याच राहिल्या. मिस्त्री पुटपुटले, चिडले, शेवटी टोक उजव्या मुठीत कोंबलं. मूठ सुटली. पुन्हा कोंबलं, पुन्हा सुटली. असं किती वेळा झालं कोण जाणे. पण एकदाची ती मूठ टिकली. दोरी ताणली गेली. बाईंनी तोंड फिरवलं. डोळे भरून आले होते, आणि वाळू गेली म्हणायची सोय होती.

"भावोजी, इंजिन थंड झालं, चला!"

"तापू दे की परत!" मिस्त्री ओरडले.

निघताना वारा सुटला. मागच्या काचेतून बाईंनी पाहिलं तर निम्मी नक्षी वाळूखाली गेली होती. "गेली हो सगळी मेहनत!"

"जाऊ दे. गिऱ्हाईक तक्रार घेऊन यायला नको," मिस्त्री म्हणाले आणि मेहुण्याकडे वळले. "काय रे, आता कुठं तापणार तुझी गाडी?"

ती वाटेत आणखी दोनदा तापली. प्रत्येक ठिकाणी एक फरशी वाळवंटाला देऊन मंडळी लेकीच्या दारात पोचली. जावई लगबगीनं पिशवी घ्यायला पुढे आला.

मिस्त्रींनी पिशवी मागे ओढली. "थांबा जावईबापू. आधी ही पायरीजवळची फरशी कुणी बसवली ते सांगा. ओळ पार कामातून गेलीय."

जावयानं मान खाली घातली. मिस्त्री तिथंच उकिडवे बसले, दोरी काढली आणि सवयीनं म्हणाले, "अगं, टोक धर जरा."

"माझी कंबर नाही वाकत," बाई म्हणाल्या.

मिस्त्रींनी एकदा त्यांच्याकडे रोखून पाहिलं आणि मुकाट्यानं टोक उजव्या मुठीत घेतलं.