इस्तारीभाऊंनी धुतलेली मुळं

इस्तारीभाऊ चंद्रपूरला आमच्या प्रयोगशाळेत मदतनीस. जातीचे ढिवर, गावच्या तलावात मासे धरणारे, शिंगाडा लावणारे. नाल्यातून वीजकेंद्राच्या राखेचं पाणी तलावात उतरायला लागलं, मासे आटले, तेव्हा ते रोजीवर आमच्याकडे आले. त्याच नाल्याचं पाणी मी बारा टबांत भरलं होतं. मातीशिवाय, नुसत्या पाण्यात कर्दळी वाढवायच्या आणि त्यांची मुळं नि मुळांवरचे जिवाणू पाण्यातलं विष किती ओढून घेतात ते मोजायचं, हे माझं संशोधन. टबांची देखभाल सगळी भाऊंकडे. चार महिन्यांत मी त्यांना एकच गोष्ट सांगितली: सगळं स्वच्छ ठेवा.

त्यांनी ठेवलं. विद्यापीठातून माणसं तपासणीला यायच्या आदल्या दिवशी त्यांनी बाराही टबांतली मुळं चोळचोळून धुतली. सकाळी बघते तर मुळं पांढरीशुभ्र. जिवाणूंचा बुळबुळीत थर मोरीत गेला होता.

मी प्रयोगशाळेत शिकणाऱ्या पोरांसमोर भाऊंवर ओरडले, "जन्म पाण्यात गेला तुमचा, एवढी अक्कल नाही?"

"शिंगाड्याची वेल लावाच्या आधी आमी असंच धुतो, मॅडम," ते हळूच म्हणाले. "काय होतं त्या बुळबुळीत?"

मी सांगितलं, तेही दातओठ खात. ते स्वतःच्या हातांकडे बघत राहिले.

"म्हंजे जितं होतं ते? मले कोनी सांगतलं नाई."

दुसऱ्या दिवसापासून ते आलेच नाहीत. चौथ्या दिवशी मी त्यांच्या गावी गेले, माफी मागायचीच असं ठरवून. रस्ताभर वाक्य घोकलं. भाऊ अंगणात जाळं सांधत होते. मला बघून उठले आणि बायकोदेखत, इंदिराबाईंदेखत, त्यांनी हात जोडले.

"चुकी झाली, मॅडम. तुमची मेहनत मी पान्यात घातली."

चूक माझी होती. मला ते पक्कं ठाऊक होतं. पण तोंडातून निघालं, "ठीक आहे भाऊ, सोमवारी या." इंदिराबाईंनी चहा दिला, तोही मी प्याले. सांगायला लाज वाटते, पण तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं.

भाऊ आले. प्रयोग नव्याने लावला, मुळांवर पुन्हा बुळबुळ धरली. आता रोज सकाळी ते टबापाशी थांबतात आणि विचारतात, "मॅडम, पान्याले हात लावू का?"

मी "लावा" म्हणते आणि दुसरीकडे बघते.