डोंगराकडे न बघणारे कोरो

कोरोंनी डोंगराकडे कधी मान वर करून पाहिलं नाही. रुआपेहू डोंगराच्या पायथ्याशी, डेझर्ट रोडवर, आम्ही दोन वर्षं रस्त्याचं काम केलं. तपकिरी वाळू, खुरटं गवत आणि पश्चिमेला तो बर्फाचा डोंगर, एवढंच तिथे बघण्यासारखं. आम्ही बाकीचे सकाळी गाडीतून उतरलो की फोटो काढायचो. कोरो टोपीची झापड नाकापर्यंत ओढून उतरायचे आणि जमिनीकडे बघत चालू लागायचे. मला वाटलं, उन्हाचा त्रास असेल. विचारलं तर म्हणाले, "तो माझा आजा आहे, बॉय. आज्याकडे कोणी असं टक लावून बघतं का?" त्यांची माणसं पूर्वी या वाळवंटातून जाताना कपाळाला पानांची झालर बांधत, नजर चुकूनही वर जाऊ नये म्हणून. गेली तर हिमवादळ येई म्हणे. "आता टोपी आहे," कोरो म्हणायचे. "स्वीट ॲज." म्हणजे, एकदम झकास.

कोरो म्हणजे माओरीत आजोबा. साइटवर सगळेच त्यांना तसं म्हणत. तिथली जमीन खणायची तर त्या जमिनीच्या कुळातला एक माणूस देखरेखीला असायचा. पुरलेला कुणी पूर्वज वर आला तर काम थांबवणं त्याच्या हातात. मी जमिनीत भोकं पाडून माती तपासणारा इंजिनिअर, घर वेलिंग्टनच्या जॉन्सनव्हिल उपनगरात, आठवड्याचे चार दिवस साइटजवळच्या वायउरूच्या मोटेलात. सुरुवातीला मला हा माणूस म्हणजे कामातली एक अडचण वाटायचा, हे कबूल करतो. एकदा हाड निघालं म्हणून त्यांनी अर्धा दिवस यंत्र बंद ठेवलं. हाड मेंढीचं निघालं. तरी कोरोंनी प्रार्थना म्हणूनच ते बाजूला पुरलं. मी घड्याळ बघतोय हे पाहून म्हणाले, "मेंढीलाही आई असते."

चहाच्या टेबलावर कोणी हेल्मेट ठेवलं की कोरो ते उचलून खाली ठेवायचे. डोक्याची वस्तू जेवणाच्या जागी चालत नाही. डोकं तापू. तापू म्हणजे आपल्या सोवळ्याच्या जवळपासचं काहीतरी, पण त्याहून भीतिदायक. मेलेल्या माणसाचं जे काही, ते तर सर्वात तापू. स्मशानातून बाहेर पडताना ते हातावर पाणी घेत. मी म्हटलं, आमच्यातही असंच असतं. त्यावर खूश होऊन त्यांनी माझ्या पाठीत एक सणसणीत थाप मारली.

ओळख विचारायची त्यांची एक तऱ्हा होती. "नाव नंतर सांग. आधी डोंगर कुठला, नदी कुठली?" मी कोथरूडच्या फ्लॅटमध्ये वाढलेला. मी खांदे उडवले. "बापाला विचार," ते म्हणाले. बाबा तेव्हा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. एका शनिवारी मी त्यांना डोंगर दाखवायला आणलं, तेव्हा कोरोंनी त्यांनाही तोच प्रश्न केला. मी तो मराठीत सांगून होतो न होतो तोच सासवडचे आमचे बाबा ताठ उभे राहून म्हणाले, "पुरंदर. कऱ्हा." कोरोंनी पुढे होऊन त्यांच्या कपाळाला कपाळ आणि नाकाला नाक टेकवलं. परतताना बाबा म्हणाले, "अभि, माणूस आपल्यातला आहे रे."

तीन आठवड्यांनी बाबा गेले. हृदयविकाराने, वेलिंग्टनच्या हॉस्पिटलात, तासाभरात.

अस्थी कऱ्हेत न्यायच्या तर रजा नव्हती, आणि थांबवत नव्हतं. दहाव्या दिवशी मी आणि माझी बायको वृंदा गाडीने साइटवर आलो. डोंगरातून निघणारा ओढा पुलाखालून वाहतो, तिथे उतरलो. वृंदा म्हणाली, "कोणाला विचारायला नको का?" मी म्हणालो, "नदीला कसली परवानगी?" तीळ, तांदूळ, अंगणातली झेंडूची फुलं आणि बाबा, सगळं त्या पाण्यात सोडलं. खरं सांगतो, मला समाधान वाटलं. सोमवारी मी कोरोंना गाठून सांगितलंही, जवळजवळ अभिमानाने, "बाबा आता तुमच्या नदीत आहेत."

कोरोंनी टोपी काढली. "कुठे?"

"पुलाखाली."

ते गाडीच्या पायरीवर बसले. मग म्हणाले, "माझी बहीण त्याच पाण्याचा चहा करते."

खाली सहा किलोमीटरवर त्यांचं मराए होतं, म्हणजे कुळाचं सभागृह आणि त्याचं अंगण. ती माणसं तो ओढा पीत होती. त्यातल्या ईल माशांवर त्यांचं पाहुण्यांचं जेवण चाले. शरद ऋतूत ईल समुद्राकडे निघतात, तेव्हा धरायचे, धुरी देऊन वर्षभर ठेवायचे. तो हंगाम सुरू व्हायला आठवडाही उरला नव्हता. आणि त्यांच्या पाण्यात मी माणूस सोडला होता.

"तुझ्या बापावर राग नाही," कोरो म्हणाले. "पण मेलेला माणूस आणि जेवण एका पाण्यात नसतात." त्याच दिवशी त्यांनी ओढ्यावर राहुई घातली. राहुई म्हणजे बंदी. पाणी नाही, मासे नाहीत, पाय बुडवणंसुद्धा नाही. ती उठवायची कशी, हेही त्यांनीच सांगितलं. "शनिवारी मराएवर ये. बापाचा डोंगर सांग, नदी सांग, काय केलंस ते सांग. मग आपण दोघं प्रार्थना करू आणि नदी उघडू."

"येतो," मी म्हणालो.

गेलो नाही. आधी हेड ऑफिसला कळवलं, तर तिथली बाई म्हणाली, परस्पर जाऊ नका, आम्ही पत्र पाठवू. पत्र जाईपर्यंत दोन शनिवार गेले. मग वृंदाला ताप आला. मग माझा एक रिपोर्ट होता. ही सगळी कारणं खरी होती आणि एकही कारण खरं नव्हतं. सत्तर-ऐंशी माणसांसमोर उभं राहून, मी तुमचं पाणी बाटवलं, हे म्हणायची मला लाज वाटत होती. मी कोरोंच्या समोर जायचं टाळू लागलो. ते सोमवारी भेटले की एवढंच म्हणायचे, "शनिवार." चौथ्या सोमवारपासून तेही म्हणेनासे झाले. हेल्मेटं मात्र उचलत राहिले.

मे महिन्यात त्यांना धाप लागू लागली, आणि त्यांच्या जागी एक पुतणी येऊ लागली. माझ्याशी ती कामापुरतं बोलायची. जूनमध्ये बर्फाने काम थांबलं. जुलैत खोदयंत्र चालवणाऱ्या मित्राचा फोन आला: कोरो गेले. तांगी, म्हणजे अंत्यविधी, सुरू झालंय, तीन दिवस मराएवर.

मी आणि वृंदा दुसऱ्या दिवशी पोचलो. फाटकावर थांबलो, आतून पाहुण्यांना बोलावणारी एका बाईची हाक आली, तशी ती उंच, ताणलेली हाक ऐकत अंगणातून चालत गेलो. कोरो उघड्या पेटीत होते, टोपी नव्हती. त्यांचं पूर्ण कपाळ मी क्वचितच पाहिलं होतं. शेजारी त्यांची बहीण, ऐंशीच्या घरातली. बोलायची माझी पाळी आल्यावर मी उभा राहिलो. पुरंदर म्हणालो, कऱ्हा म्हणालो, बाबांचं नाव घेतलं आणि काय केलं ते सांगितलं. माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. मान खाली घालून बसलो आणि कोणीतरी ओरडेल म्हणून वाट बघत राहिलो. कोणी ओरडलं नाही. मागून दोन बायका गाऊ लागल्या, माझ्यासाठी, कारण बोलणाऱ्यामागे गाण्याची तिथे रीत आहे.

जेवणघरात कोरोंच्या बहिणीने स्वतः माझ्यापुढे ताट ठेवलं. मटण, बटाटे, पाव. तीही बसली.

"आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं," ती म्हणाली. "त्यानेच सांगितलं. पोरं म्हणाली, कोरो, तुम्हीच उघडा, ईल चाललेत. तो म्हणाला, बाप त्याचा आहे, त्याच्याशिवाय कसं उघडू? बॉय शनिवारी येतोय. दर शुक्रवारी तुमच्यासाठी दोन गाद्या उन्हात टाकायला लावायचा."

मी काहीतरी माफीचं पुटपुटलो. तिने ते ऐकून घेतलं.

"अजून टाकीतून पाणी आणतोय. आणि या घरातलं हे पहिलं तांगी, ज्यात पाहुण्याला आमच्या नदीचा ईल नाही. त्याचं स्वतःचं." तिने मीठ माझ्याकडे सरकवलं. "खा. उद्या त्याला पुरलं की तू आणि मी नदीवर जायचंय. तेवढं काम तो ठेवून गेलाय."

मी खाल्लं. पानात काही टाकायची हिंमत झाली नाही.