डाक्टरीनबाईंच्या जीपचा टेप

शिरड शहापूर आणि आसपासच्या दहा-बारा गावांत सरिता पाईकराव यांना कुणी डॉक्टर म्हणत नाही. त्या डाक्टरीनबाई, जनावरांच्या. गाय अडली, व्यायल्यावर म्हशीची वार पडली नाही, बैलाचं पोट फुगलं, की फोन त्यांनाच जातो. फोन ठेवल्यापासून पायात गमबूट चढेपर्यंत बाईंना दोन मिनिटं लागतात. वासरू आडवं आलं असेल तर ओढायचं की आत ढकलून फिरवायचं, हे त्या खांद्यापर्यंत हात गाईच्या पोटात असतानाच ठरवतात, आणि त्याच वेळी गोठ्यात जमलेल्या बघ्यांना हाकलतही असतात. अशी ही बाई एका टेपसाठी सव्वातीन महिने अडून बसली, हे सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही.

आधी जीपबद्दल सांगतो. इकडची जमीन काळी. पावसाळ्यात शेताकडे जाणाऱ्या पांदणीला मोटारसायकल घातली की चाकात चिखल बसतो आणि चाक फिरायचंच बंद होतं. दोनदा गाडी वाटेत टाकून, औषधाची पेटी डोक्यावर घेऊन गोठा गाठल्यावर बाईंनी नांदेडहून एक जुनी, चारही चाकांनी ओढणारी जीप आणली. तिला दारं नाहीत. वर ताडपत्री, तीही ठिगळाची. टेप मात्र होता. आधीच्या मालकाने हौसेने बसवलेला, आणि त्याच्यावर परभणीचा रेडिओ चांगला लागायचा.

हा टेप मेला तो पारुबाईच्या बोकडामुळे.

पारुबाई ही म्हातारी, एकटी. एक बोकड पाळलेला, त्याला ती 'राजा' म्हणायची. या राजाची लघवी खड्यामुळे तुंबली. बाईंनी गोठ्यातच जमेल ते केलं, सुई दिली, पण थेंब येईना. मग म्हणाल्या, "पारूमावशी, याला परभनीला मोठ्या दवाखान्यात न्यावं लागते. बसा." मागच्या बाजूला औषधांची खोकी होती, म्हणून पारुबाई पुढे बसली आणि राजा तिच्या मांडीवर उभा राहिला, पुढचे दोन पाय टेपाच्या वरच्या पत्र्यावर ठेवून. रेडिओवर कुणीतरी कापसावरच्या बोंडअळीची माहिती देत होतं. वसमतच्या अलीकडे जीप एका खड्ड्यातून जोरात उसळली आणि राजाची वाट मोकळी झाली. सगळी धार टेपावर. रेडिओवरचा माणूस "तर शेतकरी बंधूंनो" एवढं म्हणाला, घरघरला आणि कायमचा गप्प झाला.

"मुतला वो माय! माजा राजा मुतला!" पारुबाई रडायलाच लागली.

बाईंनी जीप कडेला घेतली. टेपाकडे ढुंकूनही न बघता आधी बोकडाचं पोट दाबून पाहिलं. पोट मऊ लागलं. परभणीला जायचं राहिलं. परतताना पारुबाईला टेप दिसला, तशी ती ओशाळली. "बाई, तुमचा टेप गेला की वो."

"जाऊ द्या मावशी. बोकड राह्यला नव्हं?"

हे बोलायला सोपं होतं. आठ दिवस बाईंना शांतता बरी वाटली. नवव्या दिवशी त्या स्वतःशी बोलायला लागल्या आणि पंधरा दिवसांनी गायला. बाईंना गळा नाही. हे त्यांना माहीत नाही असं नाही, पण जीपला दारं नाहीत हे त्या विसरतात. कुरुंद्याचा पुंजाजी हळदीत खुरपत असला की लांबून तो आवाज यायचा आणि तो घराकडे तोंड करून ओरडायचा, "बाई येऊन राहिल्या रे, गाय धरा!" गाईने मात्र तोवर कान पाडलेले असत.

घरात हा प्रश्न बाईंच्या यजमानांनी हाती घेतला. रत्नपाल पाईकराव जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवतात. अंडं उकडायचं असलं तरी हा माणूस घड्याळ लावून बसतो. त्यांनी मोबाइलवर टेपांचे पन्नासेक व्हिडिओ पाहिले आणि मोठ्या कागदावर पट्टीने रेघा मारून तक्ता केला. अकरा टेप, नऊ रकाने. त्यातला एक लाल शाईने अधोरेखित केलेला होता, पुस्तकाएवढ्या पडद्याचा.

"बोट लावलं की चालते," ते म्हणाले. "नकाशा दिसते. गाडी मागं घेताना मागचं बी दिसते."

"मागं काय पाहायचं? गोठ्यातलं वासरूच तर असते."

"बरं, नकाशा?"

"नकाशात पुंजाजीभाऊचा गोठा हाय का?"

सरांनी तिथल्या तिथे शोधला. गोठा नव्हता. तिथली पांदणही नव्हती. "तरी पन," ते म्हणाले.

"बघू," बाई म्हणाल्या.

हे 'बघू' सव्वातीन महिने चाललं. सर नवा टेप सुचवायचे आणि बाई तक्त्यावर बोट फिरवून कुठे तरी थांबायच्या. हा फार चकाकतो. त्याची बटणं मुंगीएवढी आहेत. याचा नुसता चेहराच आवडत नाही. सर वैतागून विचारायचे, "तुला नेमकं पायजे तरी काय?" आणि गाईच्या पोटातलं न बघता सांगणारी ही बाई पुन्हा तक्त्यावर बोट फिरवायची. खरं म्हणजे तिलाच ते माहीत नव्हतं.

शेवटी एका शनिवारी सकाळची शाळा करून सर थेट वसमतला नेमसिंगच्या टेपच्या दुकानात जाऊन बसले, तक्ता घेऊन, आणि बाईंना तिकडेच बोलावलं. बाई कुरुंद्याहून एक अडलेली कालवड सोडवून आल्या. गमबूट तसेच, बाह्या वर, हात औषधाने पिवळे. नेमसिंगने भिंतीवरचे टेप एकेक करून लावून दाखवले. मग सरांनी आधीच सांगून ठेवल्यासारखा त्याने पुस्तकाएवढा पडदा पुढे केला.

बाईंनी बोट लावलं. औषध वाळून बोट कडक झालेलं, पडदा हललाच नाही. त्यांनी दुसरं बोट लावलं. मग काय वाटलं कुणास ठाऊक, हात वर घेतला आणि कोपर लावलं. पडद्यावर एकदम सात गोष्टी उघडल्या.

"म्याडम," नेमसिंग म्हणाला, "लोक आवाज ऐकून टेप घेतेत. तुमी कोपर काहून लावून राहिल्या?"

"माजे हात कवा साफ असतेत, दादा? फोन वाजला, आवाज कमी करायचा, तर हाताला वार लागलेली असते. मला आवाज कोपरानं फिरवता आला पायजे." हे बोलून बाई स्वतःच जराशा चमकल्या. तीन महिने शोधत होत्या ते हेच. आता त्यांना जोर आला. "अन् यावर बोकड मुतला तर गॅरंटीत बसते का?"

नेमसिंगने सरांकडे पाहिलं. सरांनी तक्त्याकडे पाहिलं. नऊ रकान्यांत बोकड नव्हता.

नेमसिंग दुकानदार असला तरी माणूस समजूतदार. तो आत गेला आणि एका खोक्यातून एक काळा, ठेंगणा, राकट टेप काढून आणला. समोर एकच गोल खुंटी, पेढ्याएवढी, आणि बाकी बटणांवर जाड रबर. "ह्यो ट्रॅक्टरचा हाय. धूळ, पानी, ऊन, सगळं खाते. आमी ह्यो जीपवाल्यांना दाखवत न्हाई, त्यांना कमीपना वाटते."

बाईंनी कोपर टेकवून खुंटी फिरवली. शेजारच्या चहाच्या टपरीवरची माणसं उठून उभी राहिली, एवढा मोठा आवाज झाला.

"हाच," बाई म्हणाल्या. दुकानात शिरल्याला वीस मिनिटं झाली होती.

"अगं, याला पडदाच न्हाई," सर म्हणाले.

"मी गाडी चालवून राहिले, शिनेमा न्हाई पाहून राहिले."

टेप बसला. तक्ता सरांनी चार घड्या घालून खिशात ठेवला.

पण या टेपावर परभणी काही लागेना. त्यात पेनड्राइव्ह घालावा लागे. सोमवारी सकाळी फोन आला, तशी बाईंनी घाईत घरातल्या खणातून एक पेनड्राइव्ह उचलला आणि गाणी असतील म्हणून जीपला लावला. गावाबाहेर पडल्यावर टेप गरजला, "मुलांनो, मागचे आवाज बंद. आज आपण गुरुत्वाकर्षण शिकू."

बाईंचा पाय ब्रेकवरच गेला. आवाज सरांचा होता. शाळा बंद होत्या त्या वर्षी त्यांनी घरात खाटेवर बसून हे धडे बोलून ठेवले होते, पण तेव्हा बहुतेक पोरांकडे फोनच नव्हते, त्यामुळे ते फारसे कुणी ऐकले नाहीत. बाई बंद करणार होत्या. पण सर एका आंब्याची गोष्ट सांगत होते, तो पडतो तर चंद्र का पडत नाही, आणि त्यांना पुढचं ऐकायचं होतं. बावीस वर्षांच्या संसारात त्यांनी आपल्या नवऱ्याला शिकवताना कधी ऐकलं नव्हतं. घरात भाजीच्या पिशवीवरून तासभर विचार करणारा माणूस इथे एकदाही अडखळत नव्हता. बाई गोठ्यापाशी पोचल्या तरी धडा संपेपर्यंत जीपमध्येच बसून राहिल्या. गायवाला दोनदा बोलवायला आला.

पुढे महिनाभर त्या तेच लावत राहिल्या. घरी काही बोलल्या नाहीत.

सरांना कळलं ते कुरुंद्याच्या बाजारात. पुंजाजीने त्यांना भर गर्दीत गाठलं. "सर, चंद्र समुद्राचं पानी वढते म्हनले तुमी, ते बराबर. पर मग आमच्या हिरीचं पानी काहून न्हाई वढत?"

सर आधी घाबरले, मग चकित झाले आणि घरी येईपर्यंत रागावलेले होते. "तू माझे धडे गावभर वाजवून राहिली?"

"मुद्दाम न्हाई वो. त्या जीपला दारंच न्हाईत," बाई म्हणाल्या. मग हळूच, "चांगलं शिकवता तुमी."

सर उगीच चष्मा पुसत राहिले. "विहिरीचा प्रश्न मात्र चांगला हाय," ते शेवटी म्हणाले. "कोन्या पोरानं आजवर इचारला न्हाई."

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर ते खाटेवर बसले, मोबाइल समोर उभा केला, घसा खाकरला. "मुलांनो," ते म्हणाले आणि थांबले. ते पुसून टाकलं. मग पुन्हा सुरुवात केली, "पुंजाजीभाऊ आणि मुलांनो, आज आपण विहीर बघू."