गुलाबी प्लेटवरची माझी सही

“मॅडम, तुमचा रिपोर्ट नॉर्मल म्हणतो, अन् पोरीची लघवी बंद होऊन राहिली. मी कोणाचं ऐकू?”

आमच्या हॉस्पिटलचे फिजिशियन डॉ. सुधीर कागद घेऊन सरळ लॅबमध्येच आले होते. कागदावर सही माझी. मी मायक्रोबायोलॉजिस्ट, म्हणजे पेशंटच्या नमुन्यातले जंतू वाढवून ओळखणारी बाई. पोरगी प्रणाली, चोवीस वर्षांची, हिंगण्याच्या एका कारखान्यात पॅकिंगला. चार दिवस रक्ताचे जुलाब, आणि आता किडनी बसत चाललेली. तिच्याच कंपनी-बसमधले आणखी तिघं वॉर्डात होते.

“तगडं अँटिबायोटिक चालू करतो,” डॉक्टर म्हणाले.

“संध्याकाळपर्यंत थांबा.”

“तेवढा वेळ कुठे आहे तिच्याकडे?”

खरं बोलले, म्हणून जास्तच लागलं. मी गजूभाऊंकडे वळले. गजूभाऊ आमचे जुने टेक्निशियन, कामाला एकदम चोख. “या चौघांच्या प्लेटा कुठं आहेत?”

“फेकायच्या डब्यात. गुलाबी होत्या ना.”

जुलाबाचा नमुना आम्ही एका प्लेटवर पसरवतो. टायफॉइडचे, हगवणीचे जंतू तिच्यावर फिके उगवतात. ई. कोलाय गुलाबी उगवतो. तो तुमच्या-माझ्या सगळ्यांच्या आतड्यात असतो आणि बहुतेक वेळा निमूट राहतो. म्हणून फिकं शोधायचं, गुलाबी सोडायचं आणि ‘नॉर्मल फ्लोरा’ लिहून मोकळं व्हायचं. गजूभाऊ म्हणायचे, गुलाबी म्हणजे घरचा माणूस. मी हसून सही करायची.

पण घरचा माणूस बिघडत नाही, असं कोणी सांगितलं? जिवाणूंनाही विषाणू लागतात. असा विषाणू विष बनवायची कृती सोबत घेऊन जिवाणूच्या अंगात शिरतो आणि कधी कधी तिथेच मुक्काम ठोकतो. कधीतरी ई. कोलायचा एखादा वंश असाच हगवणीच्या जंतूचं विष बनवायला शिकला. रंग मात्र गुलाबीच राहिला.

यात अँटिबायोटिकची भानगड वेगळी. काही औषधांनी हा जंतू मरायला टेकला की आतला विषाणू जागा होतो आणि जंतू जाता जाता सगळं विष ओतून जातो. ते किडनीला भोवतं.

“ऑटोक्लेव्ह लावला का?” मी विचारलं. तो आमचा वाफेचा मोठा कुकर. त्यात गेलेला जंतू परत मिळत नाही.

“लावूनच राहिलो होतो. काहून एवढं मनावर घेऊन राहिल्या, मॅडम? वीस वर्षं हेच तर करतो.”

“तेच चुकलं, गजूभाऊ. तुमचं अन् माझंही. काढा डबा.”

चारही प्लेटा निघाल्या. गुलाबी ठिपके उचलून, त्यांत विष बनवणारा जीन आहे का ते बघायला पीसीआर चाचणी लावली आणि मी वॉर्डात गेले. डॉक्टरांना सरळ सांगितलं, “माझा रिपोर्ट अपुरा होता. अँटिबायोटिक देऊ नका.”

“अन् तुमचा अंदाज चुकला तर?”

“तर तसं माझ्या सहीनं लिहून देते.”

त्यांनी सिस्टरला सांगितलं, “फक्त सलाईन. डायलिसिसची तयारी ठेवा.”

खाटेजवळ प्रणालीचे वडील उभे होते, भिवापूरहून आलेले. “बाई, माह्या पोरीले औषध काहून देऊन नाही राहिले?”

“त्या औषधानं विष वाढू शकते, काका.”

“नक्की?”

“संध्याकाळी नक्की सांगतो. मलेही भीती वाटून राहिली.”

संध्याकाळी चारही पॉझिटिव्ह आले. संशय कारखान्याच्या कॅन्टीनमधल्या पोह्यांवर भुरभुरलेल्या कच्च्या सांभारावर, म्हणजे कोथिंबिरीवर गेला, पण तो तपासायला आम्ही उशिरा पोचलो. बसमधले ते तिघं सलाईनवर निभावले. प्रणालीला डायलिसिस लागलं. सहाव्या दिवशी वॉर्डातून सिस्टरचा फोन आला, “मॅडम, पिशवीत दोनशे एमएल लघवी आली.” दोनशे एमएल लघवीसाठी मी आयुष्यात पहिल्यांदा रडले, तेही गजूभाऊंसमोर.

आता रक्ताचे जुलाब असले की गुलाबी ठिपकेही तपासतो. फॉर्मवरचा ‘नॉर्मल’ शब्द काढून टाकला. डबा मी प्लेटा बघून सही केल्याशिवाय ऑटोक्लेव्हमध्ये जात नाही. सही तर आधीही मीच करत होते. प्लेट बघत नव्हते.