सामाईक भाग

"हळू! हा काय मोर्चा आहे?"

सर आप्पांच्या अंगावर खेकसले. आप्पा म्हणजे माझे वडील. गुन्हा एवढाच, की लॅबच्या दारात हात जोडून त्यांनी "जय भीम, साहेब!" म्हटलं. मोठ्यानं. जन्मभर इचलकरंजीत माग चालवला त्यांनी. त्या खडखडाटात ओरडूनच बोलावं लागतं. आता त्यांना ऐकूही कमी येतं. सरांचे ओठ हललेले दिसले, म्हणजे साहेबांनी उलट जय भीम केला, असं त्यांना वाटलं. ते आणखी मोठ्यानं म्हणाले, "जय भीम!" सगळी लॅब हसली. सगळे हसताहेत बघून आप्पाही हसले.

मीच त्यांना तपासणीसाठी कोल्हापूरला आणलं होतं.

मी तिथं सरांच्या हाताखाली पीएच.डी.चं संशोधन करत होते. मागवाल्यांना एमआरआय मशीनमध्ये झोपवायचं, कानात शब्द ऐकवायचे आणि ऐकताना मेंदू किती जागा होतो ते बघायचं. मागाच्या आवाजानं मेंदूचं ऐकणं मंदावतं का, हा माझा प्रश्न. प्रश्न कसला, घरातलंच दुखणं.

मंदावलेलं दिसलं. पण गोची होती. जो जास्त म्हातारा, त्यानंच जास्त वर्षं माग चालवलेला. दोन्ही आकडे जोडीनंच वाढत होते. त्यामुळे नुकसानाचा मोठा भाग दोघांचा सामाईक. त्यातलं वयानं किती केलं, मागानं किती, हे सुटंच होत नव्हतं.

सर म्हणाले, "सामाईक भाग वयाला देऊन टाक. मागाकडं काय उरतं बघ."

दिला. कॉम्प्युटरला काय, सांगाल त्याच्या पदरात टाकतो. मागाकडं काहीच उरलं नाही.

"बघ. मागाचा परिणाम नाही. असंच लिही."

संध्याकाळी आप्पांनी विचारलं, "काय निघालं गं माझ्या डोक्यात?"

सरांचं म्हणणं मी ओरडून सांगितलं. त्यांनी मान डोलावली. "साहेब म्हणत्यात तर खरंच असंल की. वय झालं बाई माझं."

मोरीत जाऊन रडले. तोंडात ओढणी कोंबायची गरज नव्हती. त्यांना ऐकू जाणारच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सरांसमोर उभी राहिले.

"सर, तुम्ही आणि आप्पा एकाच वयाचे."

"मग?"

"तुम्हाला पलीकडच्या खोलीतली कुजबुज ऐकू येते. तुमच्या वयाची, मागावर कधीच न उभी राहिलेली माणसं तपासू. लहानपणीच मागावर लागलेली तरणी माणसंही. मग आकडे सुटे होतील. तोवर लिहू, की वेगळं सांगता येत नाही."

"तुम्हा लोकांना सगळीकडं अन्यायच दिसतो. लिही, नाहीतर दुसरा गाईड बघ."

"न्हाय लिहिणार." घरची बोली तोंडातून गेली. जाऊ दे.

गाईड गेला. लॅबमधली जागा गेली. आता मी सरांना सांगितली होती तशी माणसं शोधत हिंडते, मशीनसाठी दारं ठोठावते. उद्या खरंच वयाचा दोष निघाला, तर तेही लिहीन. पण न तपासता आमचं नुकसान आमच्याच म्हातारपणाच्या नावावर चढवू देणार नाही. जे निघेल ते आप्पांना ओरडून सांगेन. कुणाला मोर्चा वाटला तर वाटू दे.