कुंकवाची रेघ

कचेरीत स्कॅनर आला तेव्हा रेकॉर्डरूमशेजारची खोली झाडून घेतली, खिडकीला पडदा लावला आणि चपला बाहेर काढायचा नियम झाला. कॉम्प्युटरचा कोर्स केलेला मी एकटाच, त्यामुळे माझी मान जरा ताठच असायची. जुन्या नोंदींचा एका गावाचा गठ्ठा म्हणजे एक जॉब. जॉबला गावाचं नाव द्यायचं, कागद फीडरमध्ये लावायचे, की यंत्र ते आत ओढून काचेच्या बारीक पट्टीवरून सरकवायचं. स्क्रीनवर पानांची नखाएवढी चित्रं उमटली की तपासून ओके म्हणायचं. स्कॅन झालेले गठ्ठे जिल्ह्याला रवाना व्हायचे आणि लोकांना नक्कल कॉम्प्युटरमधूनच मिळायची.

दसऱ्याला आम्ही स्कॅनरची पूजा केली. हार, नारळ, झेंडू, सगळं साग्रसंगीत. कुंकू लावायचा मान माझा. मी झाकण उघडलं आणि थेट काचेच्या पट्टीलाच बोट टेकवलं. यंत्राचा डोळा तोच, असं शहाणपण सुचलं होतं.

त्या दिवसापासून प्रत्येक पानावर वरून खालपर्यंत काळी रेघ यायला लागली. कारण मला लगेच कळलं. पण मोठे बाबू, म्हणजे आमचे हेडक्लार्क, म्हणाले, "पूजेचं कुंकू पुसाचं नसते. दिवाळीपर्यंत राहू दे." खरं सांगायचं तर मलाही भीती वाटत होती. मग मी सॉफ्टवेअरशी झटापट करत बसलो. उजेड वाढवला, जॉब रद्द करून पुन्हा लावले, रेघ काही हटेना. शेवटी अक्षरं वाचता येतात ना, म्हणून रेघेसकट ओके करत सुटलो.

दिवाळीच्या तोंडावर भामरागडकडची एक बाई आली. तिच्या मोठ्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळत होता. जातीच्या पुराव्यासाठी मुलीच्या आजोबांची जुनी नोंद लागत होती आणि तिची नक्कल मीच काढून दिली होती. तोच कागद तिने माझ्यापुढे धरला.

"सायेब, तिथली मॅडम म्हणे का ह्या नोंदीवर रेघ मारली आहे, हे रद्द आहे. माह्या सासऱ्याले कोनं रद्द केलं जी?"

मी कागद हातात घेतला; रेघ नेमकी त्या नावातूनच गेली होती. तेवढ्यात तिची नजर स्कॅनरवरच्या वाळक्या हाराकडे गेली. तिने घाईघाईने हात जोडले.

"इथी देव आहे, मले मालूम नोतं. मागच्या खेपेले मी हात नाई जोडले. म्हनून झालं असन."

तिचे देव रानातले, तिच्या गावचे. आमच्या यंत्रापुढे ती माफी मागत होती. लाजेने माझे कान तापले. मी झाकण उघडलं आणि मोठ्या बाबूंच्या देखत शर्टाच्या टोकाने काच खसाखसा पुसली. "बाई, तुमचं काई चुकलं नाई," मी म्हणालो. "हे कुंकू मीच लावलं, त्याचीच रेघ आहे." बाबूंनी मान फिरवली.

तिच्या गावाचा गठ्ठा नशिबाने अजून रवाना झाला नव्हता. पुन्हा जॉब लावला. सासऱ्यांचं नाव स्वच्छ उमटलं. मी प्रिंट तिच्या हातात दिली आणि म्हणालो, आत्ताच्या आत्ता गाडी पकडा, पोरीला पाठवा.

ती खाली बसून कागदावरून हळूहळू बोट फिरवत होती.

"तिचा नंबर तं गेला जी. काल दुसरी पोरगी घेतली त्यायनं."

मग तिने कागदाची घडी केली, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली आणि पिशवी कमरेला खोचली.

"राहू द्या. धाकटीच्या कामी येईन."

दाराशी तिने चपला हातात घेतल्या आणि व्हरांडा संपेपर्यंत पायात घातल्या नाहीत.