व्हिएन्नातलं सावलीचं बाकडं

"आधी सावली बघ, मगे बूड टेक."

कुठेही बसण्याआधी काका हे म्हणायचे. मग वाकून जमिनीला हात लावायचे, तापलीय का बघायचे, आणि स्वतः बसले की शेजारची जागा थोपटायचे. ओमानमधल्या रुसैलच्या आमच्या खोक्यांच्या कारखान्यात ते कामगारांची बस चालवायचे. मालवणकडचे, पन्नाशी उलटलेले. बस कधी उन्हात लावली नाही. सुट्टी झाल्यावर बाकीच्या बसमधले लोक सीटवर टॉवेल टाकून बसायचे, आमच्या सीटा मात्र गार. तुम्ही आखातात राहिला असाल तर एवढ्यावरूनच माणूस ओळखाल.

काकांची दुसरी ओळख म्हणजे व्हिएन्ना. आमच्यात युरोप बघितलेला माणूस हा एकच. आधी ते अरबाबच्या, म्हणजे आमच्या मालकाच्या घरी ड्रायव्हर होते. अरबाबच्या म्हाताऱ्या वडिलांना उपचाराला तिकडे नेलं, तेव्हा त्यांचं उठणं-बसणं, दाढी करणं बघायला काकांना बरोबर नेलं होतं. चाळीस दिवस.

"थंय कुत्रोसुद्धा तिकीट काढून ट्राममधी चढता," ते बस चालवता चालवता सांगायचे. "ट्राम मिनटाक हजर. नळाचा पाणी असा थंड, की आमची विहीर लाजात."

"आणि माणसं, काका?" मागून कोणीतरी मुद्दाम विचारायचं.

"माणसा बरी. पण लिफ्टमधी मी सलाम केलंय, तर कोण बोलाक नाय! पाच जणांक केलंय, पाचय जणा वर आकडे बघीत उभी."

बस हसायची. मग ठरलेलं वाक्य यायचं, "आणि उन्हात बसतत रे! सावली सोडून, मुद्दाम उन्हात!"

आमच्या दृष्टीने व्हिएन्ना एवढीच होती. एक गोष्ट मात्र कोणाच्या ध्यानात आली नव्हती. अरबाबची गाडी कारखान्याच्या फाटकातून आत आली, की काका बस इमारतीच्या मागे न्यायचे. आम्ही म्हणायचो, सावलीसाठी.

तो जुलै होता. गावाकडे भातलावणी चालू होती. भावाचा फोन आला, "आईला लेप्टो झालाय. तुझं नाव घेते सारखी. जमेल तसा ये." मी नववीतून शाळा सोडलेला माणूस, आईनेच मंगळसूत्र मोडून इकडे पाठवलेला. तिकीट मित्रांनी काढून दिलं. पण आमचे सगळ्यांचे पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत, आणि चावी मंदूबकडे. मंदूब म्हणजे कंपनीची सरकारी कागदपत्रं बघणारा माणूस.

"मंदूब सलाला गया है," क्लार्क म्हणाला. "परसों आएगा, इन्शाल्ला."

"दुसरी चाबी?"

"अरबाब के घर पे. उधर कौन जाएगा? तू जाएगा?"

मी बाहेर येऊन उन्हातच मटकन बसलो. विमान दुसऱ्या दिवशी सकाळचं होतं. काका आले, मला बखोटीला धरून उठवलं, भिंतीच्या सावलीत नेऊन बसवलं. सावली सरकेल तसे आम्ही भिंतीला पाठ घासत सरकत होतो. भावाचा फोन पुन्हा आला, मी उचलला नाही. काही वाईट ऐकायला लागेल म्हणून.

"रडतंस कित्याक? आयक," काका म्हणाले. आणि व्हिएन्नाचा उरलेला भाग त्यांनी तेव्हा सांगितला.

म्हातारा दिवसभर कोणाशी बोलायचा नाही, फक्त यांचा हात धरून पडून राहायचा. एक दिवस काका त्यांना म्हणाले, धा मिनटात येतंय, आणि दवाखान्यासमोरच्या बागेत गेले. सगळी माणसं उन्हात पसरलेली, हे एकटे झाडाखालच्या बाकड्यावर. म्हणूनच बहुतेक पोलिसांच्या नजरेत आले. त्यांनी कागद मागितले. पासपोर्ट अरबाबकडे. इथल्या सवयीने यांनी खिशातून बताका काढून दिला, ओमानचं कामगार ओळखपत्र.

"तेंका काय समाजतला? उलटसुलट करून बघल्यानी. वायट नव्हते रे ते. चौकीत कॉफी दिल्यानी. पण तीन तास गेले. परत इलंय तर खाट रिकामी. चादरसुद्धा बदललेली." काका जमिनीकडे बघत राहिले. "नर्स म्हणाली, म्हातारो दाराकडे बघीत होतो. अरबाबान खिशातसून माझो पासपोर्ट काढून माझ्या हातात दिल्यान. खलास."

तेव्हापासून घरची गाडी सुटली, कारखान्याची बस आली. चार वर्षांत काका अरबाबच्या समोर गेले नव्हते.

एवढं सांगून ते उठले, बसची चावी घेतली आणि गेले. अरबाबच्या घरी काय बोलणं झालं ते मला आजही माहीत नाही. दोन तासांनी आले ते तिजोरीची चावी घेऊन.

क्लार्कने माझा पासपोर्ट काढला, पण हातात देईना. "ये वापस नहीं आया तो? मंदूब मेरे को पकड़ेगा."

काकांनी शर्टाच्या आतून प्लास्टिकची पिशवी काढली. साऱ्या कारखान्यात स्वतःचा पासपोर्ट स्वतःजवळ ठेवणारा हा एकच कामगार. तो त्यांनी टेबलावर ठेवला. "इसके बदले मेरा रख."

मी पोचलो तेव्हा आई होती. डोळे उघडे होते, पण ओळख नव्हती. मी हाका मारल्या, हात धरला, पायाशी बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. एक शब्दही बोलली नाही.

दिवसकार्य उरकून परतलो. माझा पासपोर्ट तिजोरीत गेला, काकांचा बाहेर आला. तो पिशवीत ठेवायच्या आधी त्यांनी विचारलं, "भेटलंस मां?"

"भेटलो."

"बोलली?"

त्यांचा हात पिशवीवर तसाच थांबला होता. मी म्हणालो, "बोलली."

"काय बोलली?"

"म्हणाली, जेवलास का?"

काकांनी मान हलवली, दोनदा, तीनदा. पुढे कितीतरी दिवस बसमध्ये चढताना मला अडवून विचारायचे, "काय बोलली रे आवस?" आणि मी सांगायचो. दर वेळी थोडं वाढवून. कधी आई विचारायची, वाटेत त्रास झाला का. कधी म्हणायची, वाळलास. सांगता सांगता मलाच ते खरं वाटायला लागलं होतं.

तेलाचे भाव पडले आणि कामगार कमी केले, त्यात पहिल्या यादीत काका होते. निरोपाच्या दिवशी त्यांनी बस सावलीत लावली, चावी क्लार्कला दिली आणि माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, खरं सांगून टाकावं.

"जेवलास का म्हणाली मां?" त्यांनीच विचारलं.

"हो, काका."

त्यांचा गावाकडचा नंबर लागत नाही. नवा ड्रायव्हर बस फाटकाजवळ, भर उन्हात लावतो. सीट हात लावू देत नाही. तरी मी आधी हात लावूनच बघतो, आणि शेजारची जागा थोपटतो.